ठरलेली किंमत

बेथेस्डाच्या वरच्या अंगाला डोंगर पाटीच्या दगडाचा आहे.
भिजला की कुणी नुकताच पुसून ठेवल्यासारखा दिसतो.
तिथे इद्वाल प्रॉसरच्या गॅरेजात
मार्चमधल्या एका मंगळवारी मी फॉर्म घेऊन गेले,
बूट चिखलाने जड.

जॅग्वार, एकोणीसशे सदुसष्ट. बाटलीच्या काचेचा हिरवा.
बॉनेट एवढं लांब, की आपण आणि आपलं इंजिन
दोन वेगळ्या गावांत राहतो असं वाटावं.

मी माझं काम केलं. चॅसी नंबर टॉर्चने वाचला,
दाराखालच्या पट्टीवर बोट फिरवलं: गंज नाही.
वर्षाला तीन हजार मैल. कुलूपबंद गॅरेज. शर्यत नाही.
किंमत आम्ही आधीच ठरवून टाकतो,
म्हणजे गाडीचा चुराडा झाल्यावर
कुणी बाजारभावावरून घासाघीस करू नये.
पंचावन्न हजार पौंड, मी म्हटलं.
'बरं,' तो म्हणाला,
मी बटाट्याचा भाव सांगितल्यासारखं.

'गेल्या पाच वर्षांत अपघात?'
'नाही.'
मी खूण केली.
'पाच वर्षं हे तुमचं मोजमाप,' तो म्हणाला. 'चला.'

ओढ्याच्या वळणापर्यंत चालत नेलं मला.
तिथे कोरडी रचलेली भिंत. चुना नाही, माती नाही,
नुसता दगड दगडाला धरून.
मध्ये दोन हात जागा, जिथे शेवाळ जरा कमी.

'शहाऐंशी साल. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही,
रस्ता बापाचा असल्यासारखी सोडली हिला.
पलीकडे ग्विलिम पॅरीची पोर मेंढ्यांना चारा टाकत होती.
भिंत उडाली तेव्हा ती वाकलेली होती.
वाकली नसती तर'

आणि वाक्य त्याने तिथेच ठेवलं.

क्लेम केला नाही. नऊ रविवार
ही भिंत त्याने एकट्याने रचली.
पॅरी खुर्ची टाकून बघत बसायचा,
एका दगडाला हात लावला नाही त्याने.
'बरोबर केलं,' इद्वाल म्हणाला.

गॅरेजात परतल्यावर म्हणाला,
'चालक म्हणून माझं नाव खोडा.'
तो प्रश्न मी अजून विचारलाही नव्हता.
'दोन-दोन दिसतं मला आताशा.
आणि दोन रस्ते दिसले
की माणूस आपल्या आवडीचा निवडतो.'

खोडलं. त्याखाली नवं नाव सांगितलं त्याने:
मेरेरिद पॅरी. व्यवसाय: दुधाचा टँकर चालवणे.
माझं पेन थांबलं.
'हो,' तो म्हणाला. 'तीच.'

ती आली, हात पँटला पुसत.
सीट पुढे घेतली, आरसा नीट केला,
आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही.
ऐकत राहिली फक्त.
अडीचशेहून जास्त घोडे, सगळे जागच्या जागी उभे.

मी मागे बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर
एक लहान मूल मावतं, किंवा विम्याची बाई,
गुडघे हनुवटीला लावून.

तिला वेगाची भीती नव्हती, हे मी लिहून देईन.
सरळ रस्त्यावर तिने गाडीला मनासारखं धावू दिलं,
माझ्या पोटात खड्डा पडेपर्यंत.
पण ओढ्याच्या अलीकडे, कुणी न सांगता,
गिअर उतरवला.
वळणावर कुणी नव्हतं. मेंढीसुद्धा नाही.

चोरी, आग, पूर, दरड,
माझ्या फॉर्मवर सगळ्याला रकाना आहे.
शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला मात्र नाही,
जो भिंत दिसायच्या कितीतरी आधी
ब्रेक नसलेल्या बाजूच्या मोकळ्या तळावर
उजवा पाय
दाबून धरतो.